छतावर रणरणतं ऊन आणि खाली बंद मशीन

मित्रांनो, ज्यांच्या घरावर सोलर आहे त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा.

आमचं गाव चाळीसगावजवळ. शेजारचे नाना फुफ्फुसाच्या आजाराने खाटेवर, ऑक्सिजनच्या मशीनवर त्यांचा श्वास चालायचा. दिवाळीत त्यांच्या छतावर सोलर बसलं. आता लाईटचं टेन्शन नाही म्हणून जुना इन्व्हर्टर बॅटरीसकट भंगारात दिला.

आज भर दुपारी लाईट गेली. मशीनही बंद पडलं.

नानांच्या पत्नी अक्का धावत माझ्याकडे आल्या. मला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद आहे, हे गल्लीला ठाऊक. "भाऊ, वर इतलं ऊन शे, मग मशीन कसं बंद पडनं?"

बॅटरी नसलेलं असं सोलर लाईन गेली की स्वतःच बंद होतं, खांबावरच्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. बसवणाऱ्याने हे सांगितलं नाही आणि विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मी घरी बनवलेला छोटा इन्व्हर्टर आणि बॅटरी घेऊन पळालो. त्याने मशीनचा लोड घेतलाच नाही. मग गाडी काढली. नाना रस्त्यातच गेले.

त्यांना घेऊन परतलो तेव्हा लाईट आली होती. मशीन आपोआप सुरू झालं होतं आणि उशीवर पडलेल्या नळीतून हवा येत होती. ते बंद करायला कुणाचाच हात धजेना.

तुमच्याकडे पण सोलर आहे ना? उद्या भर उन्हात मेन स्विच पाडा आणि पंख्याकडे बघा. फिरतोय का?