नीलम बाईंचा पिळाचा तास

शाळेत खिचडी शिजवायला लागून मला चौदा वर्षं झाली. लेकरं सुमनमावशी म्हणतात. माझ्या तोंडाला लगाम न्हाई हे समद्या गावाला ठाऊक हाय. पर नीलम बाईंचं सांगायचं म्हणलं की थकल्यावानी होतं बगा.

बाई रोज गंगाखेडहून एसटीनं येतात. आल्या की पर्स खुर्चीला अडकवायची अन् आधी वेण्या. आमच्या गावातले निम्मे मायबाप दिवाळी झाली की ऊस तोडायला निघतात, कुणी सांगलीकडं, कुणी पार कर्नाटकात. पोरी राहतात म्हाताऱ्यांपाशी, अन् म्हाताऱ्यांचे हात कापायलेत, वेणी कोण घालणार? म्हणून बाई पोरींना व्हरांड्यात एकीमागं एक बसवायच्या. पुढचीची वेणी मागचीनं घालायची, समद्यात मागं बाई. "मावशी, माझ्या नोकरीच्या ऑर्डरमध्ये हे लिहिलेलं नव्हतं," असं म्हणायच्या, पर हात थांबायचा न्हाई.

तिथंच बसून त्यांनी इंग्रजी शिकवायला काढलं. माझी चूल खिडकीला लागून, मला समदं ऐकू यायचं. डाळीला फोडणी देता देता म्या बी शिकले. वेणी घालायची ते ब्रेड. बाज विणायची ते वीव्ह. सुयांनी स्वेटर विणायचा ते निट. आपल्यात बाज बी विणायची अन् स्वेटर बी विणायचा. त्यांच्यात सुया आल्या की शब्द बदलला. हार गुंफला तर आणखी तिसराच. अन् नुसता पीळ दिला तर ट्विस्ट. पाय मुरगळला तरी ट्विस्ट, कुणाचं बोलणं फिरवून सांगितलं तरी ट्विस्टच.

"मंग हा शब्द आमच्या जावेला लावा," म्या आतूनच बोलले. लेकरं हसली, बाई बी हसल्या. त्या हसल्या म्हणजे मला बरं वाटायचं, कारण तसं लय कमी व्हायचं. मतदार याद्या, जंताच्या गोळ्या, लेकरांची वजनं, कसले कसले फोटो, समदं त्यांच्याच बोकांडी.

त्या रांगेत अर्पिता बसायची. सातवीतली, बजरंग अन् रुख्मिणीची थोरली. मायबाप उसाच्या फडावर, ही आजीपाशी, दगडाबाईपाशी. वर्गात तोंड म्हणून उघडायची न्हाई. तिच्या वर्गातल्या दोघी मागच्याच साली मायबापासंगं फडावर गेल्या अन् तिकडच्याच झाल्या. बाई मला म्हणल्या, "मावशी, हिला तरी मला दहावीपर्यंत नेऊ द्या. बाकी काही नको मला."

डिसेंबरात वरून हुकूम आला, प्रत्येकानं आपल्या तासाचा व्हिडिओ पाठवायचा. बाईंनी लेकरांना सांगितलं, ज्याला जे हातानं येतं ते आणा अन् इंग्रजीत सांगा. अर्पितानं रस्त्यावरच्या ट्रॅक्टरमधनं पडलेले उसाचे शेंडे आणले. त्याला आमी वाढं म्हणतो. तिनं हिरवी पानं घेतली, टोकं जोडली, झरझर पीळ दिला अन् माझ्या चुलीच्या सरपणाची मोळी आवळून टाकली. "आय ट्विस्ट द लीव्ह्ज. आय टाय द बंडल." खणखणीत बोलली. मला त्या मोळीतली एक काडी वढून निघाली न्हाई. बाईंनी ते समदं फोनमधी टिपलं.

रुख्मिणीला लेकीचा आवाज ऐकू यावा म्हणून बाईंनी तो व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर बी टाकला.

जानेवारीत बजरंग आला. एकटाच. दारात चपला काढल्या, हात जोडले.

"बाई, तुमचा व्हिडिओ समद्या टोळीनं बघितला. पोरीचं इंग्रजी ऐकून मुकादम बी गप झाला. अन् मोळी काय आवळली तिनं! रुख्मिणीची कंबर गेली बाई, तिला वाकवत न्हाई. कोयत्याला दोन माणसं लागतात, एकानं तोडायचं, एकानं बांधायचं. मला वाटायचं पोर लहान हाय. पर व्हिडिओत बघितलं, हात तयार झालाय. तवा न्यायला आलो."

बाईंनी कायदा सांगितला, परीक्षा सांगितली, वसतिगृह बघते म्हणल्या. तो खाली मान घालून ऐकत राहिला अन् म्हणला, "मंग रुख्मिणीलाच पुन्हा वाकवू का?"

"दोनच महिने," असं बी म्हणला. माझं डोकं फिरलं. म्या म्हणलं, "बजरंगा, दोन महिन्यांवर गेलेली एक तरी पोर शाळेत वापस आलेली दाखव मला." त्यानं भांडण केलं न्हाई. भांडला असता तर बरं झालं असतं, मला शिव्या तरी देता आल्या असत्या.

अर्पितानं दप्तर आजीच्या घरी ठेवलं अन् कपड्याची पिशवी घेऊन आली. "बाई, आईला उठता येईना म्हणं," एवढंच बोलली. बाईंनी तिच्या डोक्यावरनं हात फिरवला. जाता जाता बजरंगानं वाकून बाईंचे पाय शिवले. "तुमी लय चांगलं शिकवलं, बाई. दुसऱ्या कुणी एवढं लक्ष दिलं नसतं."

बापलेकीला घेऊन जीप गेली. बाई माझ्या चुलीपाशी पाटावर येऊन बसल्या. खिचडी खाली लागायली होती, म्या उतरवून ठेवली.

"मावशी," बाई म्हणल्या, "मी तो व्हिडिओ टाकला नसता, तर तो आला असता का?"

म्या एरवी दिवसातनं दहा खोटं बोलते. त्या टायमाला मला एक बी सुचलं न्हाई.