फोन कुणी केला

मी सांगलीच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. वर्षातून काही तास नीतीचेही असतात. रोग्याला खरं सांगावं का, खोट्यानं कुणाचा जीव वाचत असेल तर ते खोटं पाप ठरतं का, असले प्रश्न मी फळ्यावर लिहिते आणि मुलांना हात वर करायला लावते. वर्गात मी फार धीट असते. एरवी मी भित्री आहे. अवेळी फोन वाजला तर तो उचलायलाही मी कचरते.

तो फोन भर दुपारी आला. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हृदयविकाराचा झटका आला होता आणि त्यांना वडूजहून कराडला हलवलं होतं. मी पोचले तेव्हा ते अतिदक्षता विभागात होते, तोंडात नळी, डोळे मिटलेले. आई बाहेरच्या बाकावर पदराचा बोळा तोंडाशी धरून बसली होती आणि चुलते, आमचे तात्या, येरझाऱ्या घालत होते. डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही, जवळच्यांना बोलावून घ्या.

जवळचा म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो फौजेत आहे आणि तेव्हा उत्तरेकडे बर्फातल्या एका चौकीवर होता. त्याला काय सांगायचं यावरून बाकापाशीच वाद झाला. मी म्हणाले, आहे ते सगळं सांगू या. चुलते म्हणाले, "पोरी, त्याच्या हातात बंदूक आसती. निस्तं ये म्हनायचं. आन फोन मीच करतो. तुझी आय रडंल, तू कापशील." माझा आवाज खरंच कापत होता, म्हणून मी फार ताणलं नाही. चुलत्यांनी घसा खाकरला, आवाज घट्ट केला आणि सांगितलं, "अण्णांना कराडला दवाखान्यात ठिवलंय. रजा काढ आन ये. घाबरायचं काय न्हाई."

यात काय चुकलं ते कळायला आमचं गाव माहीत हवं. खटावच्या त्या माळावर घरटी एक माणूस फौजेत आहे. घरात कुणी आजारी पडलं तर आई किंवा बायको फोन करते, रडते, देवाचा अंगारा पाठवते. पण कुणी गेलं तर घरच्यांनी फोन करायचा नाही. पोराच्या कानावर रडणं पडू नये म्हणून भावकीतला एखादा घट्ट माणूस फोन करतो, गेल्याचं बोलत नाही, फक्त बोलावून घेतो. कितीतरी वर्षं आमच्या गावात हे काम अण्णा करत आले होते. स्वतः हवालदार म्हणून निवृत्त झालेले, त्यांचा आवाज कधी हलायचा नाही. चुलत्यांनी त्या दिवशी हुबेहूब त्यांच्यासारखाच फोन केला, आणि आम्हा तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही की भाऊ त्यातून काय समजेल.

संध्याकाळी त्याचाच मला फोन आला. आवाज अगदी शांत होता. "आक्का, कवा गेलं अण्णा?"

मी ओरडलेच. म्हणाले, अरे, जिवंत आहेत, नळी लावलीय, मी आत्ता बघून आले. तो म्हणाला, "बरं." त्याला माझं एक अक्षर पटलेलं नाही हे त्या एका शब्दात मला कळलं. नर्सच्या हातापाया पडून मी अण्णांचा फोटो काढला आणि पाठवला. पाठवल्यावर नीट पाहिला, तर मिटलेले डोळे, पांढरी चादर, पट्टीनं बांधलेला जबडा. तो फोटो मला कुणी पाठवला असता तर मीही धाय मोकलून रडले असते. मग त्याचा फोन लागेनासा झाला.

पुढचा सगळा काळ मी दोन बाजूंनी घाबरत होते. आत बाप आणि रेल्वेच्या कुठल्यातरी डब्यात एकटा भाऊ. दाराशी उभा राहिला असेल का, काही खाल्लं असेल का, असले विचार डोक्यात पिंगा घालत होते. दुःखात माणूस आपल्याला हवा तोच अर्थ धरून बसतो, हे मी दरवर्षी शिकवते. ते शिकवणं त्या बाकावर माझ्या कवडीच्या उपयोगाचं नव्हतं.

अण्णा मात्र सावरले. नळी निघाली, आईला त्यांनी ओळखलं, घोटभर पाणी घेतलं. मग आई म्हशींची सोय लावायला आणि कपडे आणायला गावी गेली, दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं येते म्हणाली. डॉक्टरांनी मला आणि चुलत्यांना बजावलं, रोग्याला धक्का बसेल असं काही बोलू नका, हृदय फार अशक्त आहे.

त्याच सकाळी भाऊ जिना चढून आला. डोकं तुळतुळीत, मिशी साफ काढलेली. तो थेट स्टेशनवरच्या न्हाव्याकडून आला होता. मयत ठेवून लोक ताटकळले असतील, आपल्या मुंडणासाठी आणखी खोळंबा नको, असा त्यानं विचार केला होता. मला बघून म्हणाला, "कुठं ठिवलंय?"

"जिवंत आहेत रे," मी म्हणाले. "आतच आहेत. बोलतात."

तो भिंतीला टेकला. मग मी थांब म्हणेपर्यंत दार ढकलून आत गेला.

अण्णांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. मग त्यांची नजर त्याच्या डोक्यावर गेली, तिथून ओठांवर, जिथं मिशी नव्हती. आमच्याकडे मुलगा असं सगळं उतरवतो ते आई नाहीतर बाप गेल्यावर. आणि बाप तर पलंगावर जिवंत होता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि बसक्या आवाजात विचारलं, "तुजी आय कुठाय?"

चुलतेही मागोमाग आत आले होते. आम्ही तिघं एकदमच बोललो. घरी हाय, सुखरूप हाय, येतीया. फार मोठ्यानं आणि फार घट्ट आवाजात बोललो. ज्या माणसानं आयुष्यभर असाच आवाज काढून पोरांना घरी बोलावलं, त्याला आम्ही तो ऐकवत होतो. त्यांचे डोळे भरले. उशाजवळचं यंत्र घाईघाईनं वाजायला लागलं. मी आईला फोन लावला, तर शेजारणीनं उचलला. फोन चार्जिंगला लावून आई तो घरीच विसरली होती आणि पहाटेच गाडीला गेली होती. "कुनी उचलला?" अण्णा म्हणाले. शेजारणीनं, असं सांगताना ते किती वाईट ऐकू येतंय हे मला कळत होतं.

चुलते माझ्या कानाशी लागले. "नवस फेडला म्हन. बापासाठी देवाला क्यास दिलं म्हन. इस्वास बसंल."

खोटं तयार होतं, चांगलं होतं, कुणाचं वाकडं करणारं नव्हतं. खरं बोलायचं ठरवलं तर अशक्त हृदयाच्या माणसाला सांगायला हवं होतं की तू मेलास असं तुझ्या पोरानं धरलं होतं. वर्गात मी याच्या दोन बाजू मांडल्या असत्या. इथं यंत्र वाजत होतं. पण मिशी आडवी आली. नवसाला केस देतात, मिशी कोण देतं? अण्णांना एक खोटं सापडलं की पुढं आम्ही काहीही म्हटलं तरी त्यांच्या लेखी आई मेलीच. मी त्यांचा हात धरला. मी धीर केला असं म्हणवत नाही, मला दुसरी वाट दिसेना.

"अण्णा, त्याला वाटलं तुम्ही गेलात. तात्यांनी फोन केला ना, म्हणून."

आता यांना काही झालं तर ते माझ्या तोंडून झालं, एवढंच माझ्या मनात होतं. मग त्यांनी मान वळवली आणि चुलत्यांना विचारलं, "फोन तू केलास?"

"व्हय," चुलते खाली बघून म्हणाले.

"आन माज्यावानी बोललास?"

"व्हय."

"येड्या, म्हातारीला करू द्यायचा व्हता की."

यंत्र हळूहळू ताळ्यावर आलं. अण्णांनी भावाला जवळ बोलावून त्याच्या टकलावरून हात फिरवला. तरी त्यांची नजर दारावरून हटली नाही, आणि मलाही नवीनच भीती लागली. एसटीला काही झालं तर? मी जिन्यात जाऊन उभी राहिले. भावाला टोपी घालून, तोंडाला रुमाल बांधून मागच्या बाजूला पाठवलं, कारण आईनं त्याला तसं पाहिलं असतं तर तिनं जिन्यातच बांगड्या फोडल्या असत्या. ती पिशव्या सावरत वर येताना दिसली तेव्हा मी तिला आधी सगळं सांगितलं. ती पायरीवरच बसली. मग उठून आत गेली आणि म्हणाली, "आवं, ही काय मी." अण्णांनी तिचं मनगट धरलं आणि ती पाणी आणायला उठली तरी सोडलं नाही.

अण्णा घरी आले. भावानं रजा वाढवून घेतली, कारण बाप जिवंत असताना पोराचं असं डोकं आईला बघवत नव्हतं. अण्णांना दुपारी डोळा लागला की ती त्यांच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. भाऊ निघाला तेव्हा ओठांवर नुकती लव आली होती. तो वेशीकडे गेल्यावर अण्णांनी मला खाटेवर बसवलं.

"मी गेल्यावर तात्याला फोन करू दिऊ नगंस. तू कर. रडलीस तरी चालंल. पर 'गेलं' म्हन."

मी हो म्हणाले. अण्णा आहेत अजून, रोज ओसरीवर बसतात, माझ्या फोनची वाट बघतात. सांगलीत घरी कुणी नसलं की मी ते वाक्य म्हणून बघते. "अण्णा" एवढं येतं. पुढचा शब्द अजून एकदाही आलेला नाही.