गवंड्याचा हात

भिकनचे वडील सुरतेच्या लिंबायतमधले गवंडी. भिंतीवर निरूचा, म्हणजे मऊ चुन्याचा, शेवटचा थर ते असा ओढत, की हात फिरवणाऱ्याला काचच वाटावी. भिकन एम.एस्सी. झाला, उधन्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या यंत्रावर लागला, पण हात बापाचाच राहिला.

काम तसं थापायचंच होतं. पूड खलायची, ॲल्युमिनियमच्या पट्टीतल्या खाचेत भरायची, काचेनं दाबून सपाट करायची. पट्टी यंत्रात गेली की पेन कागदावर शिखरं काढत जाई. प्रत्येक पदार्थाची शिखरं ठरलेली. त्यांवरून पुडीत काय आहे ते ओळखायचं. भिकनची पट्टी आरशासारखी दिसे. शेजारच्या टेबलावरची सुषमा पूड मागच्या बाजूनं हलकेच भरायची, दाबायचीच नाही.

"सुषमाताई, ही कच्ची भिंत कुणाची?" भिकन विचारायचा.

"मला भिंत विकायची नाही," ती म्हणायची.

१९९६च्या उन्हाळ्यात कडोदऱ्याच्या एका कारखान्यातून शंखजिऱ्याचे, म्हणजे टाल्कच्या पुडीचे, दोन नमुने आले. सुताला लावायच्या खळीत ते घालतात. एक नमुना सीलबंद गोणीतला, दुसरा वापरातल्या पिंपातला. पिंपातला माल कुणीतरी बदलतं असा मालकाला संशय होता. गोणीतला नमुना सुषमानं भरला, पिंपातला भिकननं.

सुषमाच्या कागदावर सगळी शिखरं होती. भिकनच्या कागदावर एक शिखर ताडासारखं उभं, बाकीची बरीचशी गायब. भिकननं रुबाबात लिहिलं : दोन्ही नमुने एक नाहीत. खाली सही केली. सहीखाली रेघही ओढली.

पिंपाची किल्ली लोटूआबांकडे असायची. एकवीस वर्षांची नोकरी. मालकानं त्यांना घरी बसवलं.

भिकनला हे कळलं ते त्यांच्या बायकोकडून. प्रमिलाबाई दोन गल्ल्या सोडून राहायच्या. दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"मन्हा माणूस चोर नही शे, भाऊ. तुन्हा मशीनले परत इचार."

"मशीन खोटं बोलत नाही, मावशी."

"मंग तू बोलना व्हशी."

त्यांना खोटं पाडायचं म्हणूनच भिकननं दुसऱ्या दिवशी पिंपाच्या नमुन्यातली उरलेली पूड काढली. एक पट्टी स्वतः भरली, एक सुषमाला भरायला दिली. एकाच पुडीचे दोन कागद निघाले. त्याच्या कागदावर पुन्हा ताड. सुषमाचा कागद गोणीतल्या नमुन्याशी तंतोतंत जुळला.

सुषमानं दोन्ही कागद त्याच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

शंखजिऱ्याचे कण चपटे. हलकेच टाकले तर कसेही पडतात. दाबले तर पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक आडवे होतात, आणि मग किरणांना त्यांची एकच बाजू दिसते. हे भिकनला ठाऊक नव्हतं असं नाही. परीक्षेत याच प्रश्नाला त्याला दहापैकी नऊ गुण होते. उत्तर वहीत राहिलं आणि हात बापाकडे गेला.

तो प्रयोगशाळेच्या मालकांकडे, नायकसाहेबांकडे गेला.

"भिकनभाई, रिपोर्ट पाछो नी लेवाय," साहेब म्हणाले. "एकदा दिला तो दिला. लोक हसतील."

"हसू देत. मी सकाळपासून हसतोय."

"मग 'भरण्याच्या पद्धतीत फरक' एवढंच लिहा. कुणी भरला ते कशाला?"

"साहेब, एवढ्यावर आबांना कोण परत घेईल?"

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण शिक्का दिला. भिकननं लिहिलं : पहिला निष्कर्ष चुकीचा. नमुना मी दाबून भरला, चूक माझी. या वेळी सहीखाली रेघ नव्हती.

दोन्ही पट्ट्या आणि सगळे कागद जेवणाच्या डब्यात घालून तो बसनं कडोदऱ्याला गेला. कारखान्याच्या मालकानं पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या.

"ही तर फार सुरेख भरली आहे," तो एका पट्टीवर बोट ठेवून म्हणाला.

"चुकलेली तीच," भिकन म्हणाला.

मालकानं सुषमाचे दोन्ही कागद, गोणीचा आणि पिंपाचा, एकावर एक ठेवले, पुन्हा वेगळे केले. मग सोमवारपासून लोटूआबांना कामावर यायला सांगितलं.

आबांनी माफ केलं असं काही म्हटलं नाही. रविवारी निरोप धाडला : 'तुझा हात गवंड्याचा आहे म्हणे. आमचा ओटा उखडलाय.'

भिकन वडिलांची थापी घेऊन गेला. आबा खाटेवर बसून देखरेख करत होते. सिमेंट पसरून झालं. भिकनचा हात आपोआप गोल फिरू लागला.

"बस," आबा म्हणाले. "खरबरीत राहू दे. म्हातारी घसरेल."

भिकननं थापी ठेवली. आबा पाणी प्यायला आत गेले. तेवढ्यात त्यानं कोपऱ्यात एक हात फिरवलाच.

"मी दखी ऱ्हायनू, भाऊ," खिडकीतून प्रमिलाबाई म्हणाल्या.

भिकननं तो कोपरा बोटांनी पुन्हा विस्कटला.