पेटीनं दाखवलेली जागा

आता काय सांगू तुम्हाले, माह्या अकलेचं माप एका लाकडी पेटीनं काढलं! हसायचं असंल तर आधीच हसून घ्या.

साठ सालच्या आगेमागे मी दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये वायरमन होतो. शिक्षण चौथी, तेही अर्धी. सुट्टीनंतरच्या सकाळी मोटर लावली, अन् फाट! फ्यूज गेला. इंजिनघरापासून कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसपर्यंत जमिनीतून गेलेली तार कुठंतरी जखमी झालती. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत शेठजी तापलेले.

"ज्यानं हे केलं त्याले कामावरून काढा!" असं शेठजी नाही, मीच ओरडलो.

नागपूरहून इंजिनिअर आला. पोरगेलासा, चष्मेवाला. संगं ती पेटी. वरून पितळेच्या खुंट्या, मधात सुई.

"याच्यानं काय होते, साहेब?"

"मिस्त्री, तुमच्या कापसाच्या काट्यासारखंच आहे. तार विजेला आडकाठी करते ना? इकडे मापाची आडकाठी, तिकडे तुमची तार. खुंट्या काढत-घालत दोन्ही पारडी सारखी केली, की सुई मधात थांबते. मग हिशोबानं कळतं, तार कुठं दुखावली ते."

"जमिनीतलं? इथं बसून? मले येडा समजता काय?"

"तुम्ही फक्त प्रेसकडे जाऊन या तारेचं आणि तिच्या जोडीच्या चांगल्या तारेचं टोक एकमेकांना जोडा. चकाकेपर्यंत घासा."

घासते कोन! धोतरानं पुसली, पीळ मारला, आलो. साहेबानं सांगतलं तिथं खोदलं. तार साबूत! मी असा हसलो का इंजिनघर दणाणलं.

साहेब चिडला नाही, हे मले आजही नवल वाटते. पुन्हा सुईकडे पाहत बसला. म्हणे, "सुई थरथरते. मिस्त्री, तुमचा जोड ढिला आहे."

हात न लावता, शंभर पावलांवरून माही कामचोरी पकडली! वैद्यही नाडी धरल्याबिगर बोलत नाही हो!

गुमान गेलो, घासून घासून जोड बांधला. यावेळी सुई मधात अशी उभी राहिली, जशी शाळा तपासणीच्या दिवशी पोरं. साहेबानं कागदावर हिशोब केला, फीत धरून निघाला अन् प्रेसमागं निंबाखाली थांबला.

"इथं."

तिथं लोखंडी खुंटा ठोकलेला. खुंट्याले बकरी.

सुट्टीच्या दिवशी तो म्याच ठोकलता, घणानं! खुंटा उपटला, खोदलं. तारेच्या बरोबर मधात भोक.

"कोनाची बकरी आहे?" शेठजी गरजले.

"काय मालूम, शेठजी," मी म्हटलं. "गावात का कमी बकऱ्या हायेत?"

तेवढ्यात बकरी आली, अन् रोजच्यासारखं माह्या बंडीच्या खिशात तोंड घालून भाकर शोधू लागली.

पेटीनं तार पकडली, बकरीनं मले.