पांढऱ्या थरापर्यंत

भोजराज चालताना समोर पाहत नसे, खाली पाहत असे. दगड दिसला की थुंकी लावून अंगठ्यानं पुसायचा. ओल्या दगडाचा रंग खरा, म्हणायचा. मातीचं ढेकूळ जिभेला लावायचा. चिकटलं की चिकणमाती, मग तो खूश. गिऱ्हाईक ताटकळत असताना साखरेच्या पुडीवर पेन्सिलीनं जमिनीचे थर काढायचा. आणि दरडीच्या सावलीत कधी बसायचा नाही, कितीही ऊन असो.

नागपूरला भूगर्भशास्त्र शिकून तो सिहोऱ्यात वडिलांच्या किराणा दुकानात बसला होता. मी त्याचा मित्र, मराठी घेऊन बी.ए. झालेलो, नोकरी नसलेला.

१९७९ साली, दसऱ्यानंतरच्या एका दुपारी त्यानं मला नाल्याकाठच्या घळींत नेलं. गावापासून अर्ध्या तासाची वाट. धानाचे बांध संपले आणि जमीन एकदम फाटलेली दिसली. वर लाल कडे, मधे हळदीसारखा पट्टा, कुठे जांभळट काळे डाग, तळाशी पांढरं. झाड एकही नाही. मी पाहतच राहिलो.

“अबे कवी, लाल म्हणजे लोखंडाचा गंज,” तो म्हणाला. “काळं थे मँगनीज. तळाची पांढरी चिकणमाती सगळ्यांत जुनी. पाणी लाल-पिवळ्यातून झिरपते अन् पांढऱ्यावर येऊन अडते. मंग वरचं सारं घसरते.”

घळीच्या वळणापुढे गावातल्या बायका छुई खणत होत्या. दिवाळीला भिंती पोतायची ती पांढरी माती. वर्षानुवर्षं खालून खणून दरडीत खोपा झाला होता. भोजराजची मामी, देवकाबाई, त्यात कमरेपर्यंत शिरली होती. बाहेर पाय तेवढे दिसत होते.

भोजराजचा चेहरा बदलला. पिवळ्या-पांढऱ्याच्या सांध्यातून पाणी पाझरत होतं. वरून बारीक खडे पडत होते.

“मामी, बाहेर ये.”

“कायले?” आतून आवाज आला.

“दरड येऊन राहिली.”

“माह्या आजीपासून उभी आहे थे. तू दुकानात जाऊन पुड्या बांध ना बापा!”

बायका हसल्या. एक मोठं ढेकूळ सुटून मामीच्या पायाशी आदळलं.  भोजराजनं तिची भरलेली टोपली उचलली आणि पळत सुटला.

“देवकाबाई, तुही टोपली नेली वं!” एक बाई ओरडली.

देवकाबाई शिव्या देत बाहेर आली आणि त्याच्यामागे धावली. गंमत पाहायला बाकीच्याही धावल्या. तेवढ्यात दरड बसली. आवाज फार मोठा झाला नाही. धूळ उतरली तेव्हा तिथे खोपा नव्हता.

 मग देवकाबाईनं टोपली हिसकून घेतली.

“तरी छुई त लागनच,” ती म्हणाली. “दिवाळीले घर का तसंच ठेवू?”

“वरून काढू ना मामी. मी पायऱ्या करून देतो. लाल उचलली, पिवळी उचलली का पांढरी उघडी पडते. डोक्यावर काहीच राहत नाही.”

“मंग दाखव पांढरी. दिसली त वरून येऊ. नाही त खालूनच.”

त्यानंतर तो रोज सकाळी कुदळ घेऊन जायचा. मीही जायचो, माती ओढायचो. दुकान उशिरा उघडतं म्हणून वडील चिडायचे. त्याला ऐकूच जायचं नाही.

दिवाळीच्या तोंडावर अवकाळी पाऊस पडला. भोजराजनं काम थांबवलं, मलाही जाऊ दिलं नाही. पाणी उतरू दे, म्हणाला. संध्याकाळी देवकाबाई तेल घ्यायला दुकानात आली.

“उद्या आम्ही जाऊन राहिलो.”

“मामी, दोन दिवस थांब.”

“दिवाळी थांबते का?”

त्यानं तेल मापलं. बाटली पुसून तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामानं तुमसरला गेलो होतो. बायका यायच्या आत पांढरी उघडी करायची म्हणून तो एकटाच गेला. ओला काठ त्याच्यासकट खाली आला. बायका पोचल्या तेव्हा ढिगाऱ्यातून कुदळीचा दांडा दिसत होता. आधी देवकाबाईनं हातानं माती उपसायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी. तो सापडला, पण जिवंत नव्हता.

मी नंतर वर चढून पाहिलं. लाल मातीतल्या पायऱ्या शाबूत आहेत. उचललेली माती त्यानं बाजूला नीट लावून ठेवली आहे. पिवळ्यात एक पायरी कोरून झाली आहे. पुढच्या पायरीची नुसती रेघ ओढलेली आहे. पांढरी अजून तिच्याखाली आहे.