अप्पांची थांबणारी घोडी

मी आयुष्यात बैलगाडीपासून विमानापर्यंत सगळ्या वाहनांतून प्रवास केला, पण आमच्या शेजारच्या अप्पांइतका उत्तम घोडेस्वार मला कुठं भेटला नाही आणि त्यांच्याइतका उशिरा पोहोचणारा माणूसही भेटला नाही. आमच्या बेंबळीहून धाराशिव सात-आठ कोस. निजामाच्या कागदावर ते उस्मानाबाद, पण बोलण्यात आमचं धाराशिवच. सकाळी निघालेली बैलगाडी दिवस मावळायच्या आत तिथं पोहोचत असे. अप्पा घोड्यावरून निघाले की दुसऱ्या दिवशी पोहोचत. घोडी त्यांची वाऱ्यासारखी होती. पण वाटेवर माणसं होती, आणि माणूस दिसला की लगाम ओढायचा, रामराम घालायचा, घरच्यांची, गुरांची, विहिरीच्या पाण्याची चौकशी करायची, घोड्याच्या तोंडात गुळाचा खडा द्यायचा आणि "येऊ का?" विचारून मगच टाच मारायची, हा अप्पांचा नेम होता. त्यामागं कारणही होतं. त्यांचे वडील एकदा घाईत एका हात वर केलेल्या माणसासमोरून घोडा दौडवत निघून गेले होते. तो माणूस त्यांना एवढंच सांगणार होता की पुढच्या ओढ्याला पाणी आलंय. वडील कसेबसे वाचले, घोडा वाहून गेला. तेव्हापासून त्या घरात माणसाला ओलांडून जाणं बंद झालं.

अप्पा उंच, कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज देवळातल्या घंटेसारखा. त्यांची आई आळंदच्या बाजूची, त्यामुळे घरात कन्नड, गावात मराठी आणि कचेरीत दखनी उर्दू अशा तीन भाषा ते एकाच वाक्यात बोलत. घोड्यांशी मात्र फक्त कन्नड. "घोडं मराठी ऐकून घेतं, पण पाळतं कन्नडच," असं त्यांचं मत होतं. मी त्यांना पाहिलं तेव्हा त्यांच्याकडे तीन घोडी होती. करड्या रंगाचा सब्जा, काळाकुळकुळीत मुश्की आणि एक तांबूस घोडी. तिला त्यांनी नाव ठेवलं होतं सूनबाई. अव्वा, म्हणजे त्यांची बायको, यावर चिडत. "घरात खरी सून आली की तिला काय म्हणणार हो?" अप्पा शांतपणे सांगत, "ही बी दुसऱ्याच्या घरनंच आलीया. वरीसभर हिच्यावर आवाज चढवायचा न्हाय." आणि त्यांनी खरोखरच चढवला नाही. सूनबाईने एकदा अव्वांचं वाळत घातलेलं लुगडं चावून भोकं पाडली, तेव्हा अप्पांनी अव्वांचीच समजूत घातली की नव्या नवरीला माहेरची आठवण येते.

फाल्गुन लागला, ज्वारीची मळणी उरकली, की अप्पांच्या घरामागचं खळं रिकामं व्हायचं. गोल, शेणानं सारवलेलं, मधोमध बैल फिरवायला रोवलेला लाकडी खांब. गावातले बाकीचे लोक खळं उठलं की पाय पसरून बसत. अप्पांचा खरा हंगाम तेव्हा सुरू होई. त्या खांबाला लांब दोर बांधून ते घोडी गोल फिरवायला शिकवत. बांधावरचे पळस नुसते पेटल्यासारखे लाल झालेले असत, हवेत कडब्याचा वास असे आणि अप्पा अनवाणी त्या खळ्यात उभे. घोडं नवं असेल तर पहिले आठ दिवस ते त्याला हातसुद्धा लावत नसत. खळ्यात घोडं मोकळं सोडायचे आणि त्याच्याकडे पाठ करून मांडी घालून बसायचे. तास तास. येणारे-जाणारे हसत. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी घोडं हळूहळू येऊन त्यांच्या पटक्याचा वास घेई. मी एकदा विचारलं, "अप्पा, असं पाठ करून का बसता?" ते म्हणाले, "तोंडासमोर हुबं ऱ्हायलं की जनावर थांबतंय. पाठ केली की चालाय लागतंय. लई सोपं हाय, पन मानसाला पाठ करायलाच जमत न्हाय."

त्या खळ्यावर माझा प्रवेश झाला तो इंग्रजीमुळे. माझे वडील निवृत्त शिक्षक होते. मला मॅट्रिकला बसवायचं म्हणून ते ओसरीवर बसवून मोठ्यानं इंग्रजी वाचून घेत. एके सकाळी अप्पा कुंपणावरून डोकावले. "मास्तर, तुमचं ते इंग्रजी लई थंड हाय बगा. सब्जा डोळं मिटून हुबा ऱ्हायला. ह्या पोरीला जरा खळ्यावर धाडा की." वडिलांना आधी अपमान वाटला, मग हसू आलं. तेव्हापासून रोज सकाळी मी खळ्याच्या कडेला बसून व्याकरणाचे नियम मोठ्यानं म्हणायची आणि बुजरी घोडी दोराला गोल फिरत शांत व्हायची. अप्पांच्या मते भूतकाळानं घोडं गार पडे, पण प्रश्नार्थक वाक्यांनी कान टवकारी. परीक्षेच्या दीड वर्ष आधीपासूनच त्यांनी मला "मॅट्रिक" म्हणायला सुरुवात केली होती. "ए मॅट्रिक, वाचून झालं आसंल तर बस घोडीवर." मी नऊवारीचा काष्टा घट्ट करून सूनबाईवर बसायला शिकले ती अशी. पहिल्या दिवशी पडले तेव्हा अप्पा धावत आले ते घोडीकडे. "भ्याली का गं?" त्यांनी तिला कन्नडमध्ये विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला काय झालं न्हाय. तू इंग्रजी शिकल्याली हाईस."

अप्पांच्या घोड्यांत एकच खोड होती, आणि ती कुठून आली हे तुम्ही ओळखलंच असेल. समोर तोंड करून उभा असलेला माणूस दिसला की घोडं आपणहून थांबे. गुळाचा खडा मिळेपर्यंत आणि कानावर "येऊ का?" पडेपर्यंत ते हलत नसे. एका सरकारी अंमलदारानं सब्जाचा डौल बघून त्याला हौसेनं विकत नेलं. महिन्याभरात परत आणून बांधलं. "अप्पा, ये घोड़ा है कि मेहमान? मैं गाँव में धाक जमाने जाता हूँ, और ये हर फेटेवाले के सामने अदब से खड़ा हो जाता है!" अप्पांनी त्याचे सगळे पैसे परत केले आणि सब्जाच्या मानेवर थाप मारून आम्हाला म्हणाले, "घोड्याचं बराबरच हाय. सायबाला मानसं दिसत न्हाईत, त्याला काय करावं?"

आता परीक्षेचं सांगते. महायुद्धाचे दिवस होते. परीक्षा सोलापूरला, म्हणजे इंग्रजांच्या हद्दीत. निजामाचं टपाल वेगळं, इंग्रजांचं वेगळं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये माझ्या परीक्षेचं पत्र कुठंतरी बसून राहिलं. ते हातात पडलं तेव्हा पहिला पेपर परवावर आला होता. सोलापूरला जायला धाराशिवहून दिवसाला एकच मोटार. पेट्रोल मिळत नसल्यामुळे तिच्या पाठीला कोळशाची भट्टी लावलेली, आणि भट्टी पेटली की दहाच्या सुमारास ती निघे. म्हणजे दुसऱ्या दिवशी दहाच्या आत मला धाराशिव गाठायचं होतं. त्यात गावातल्या बैलांना खुरकूत आलेली. गाडीला जुंपायला एक धड बैल नव्हता. आणि घरात ठरलं होतं की मॅट्रिक झाले तर पुढं शिकायचं, नाहीतर वैशाखात लग्न. स्थळ तयार होतं. आत्यानं तर अक्षता निवडायला घेतल्या होत्या.

गावात धड चालणारे पाय फक्त अप्पांच्या घोड्यांचे होते. वडील पत्र घेऊन त्यांच्याकडे गेले आणि तिथंच ओट्यावर बसून राहिले. "अप्पा, तुमची घोडी दुडक्या चालीनं तीन तासांत नेतील हे खरं. पण वाटेत ती थांबणार. हंगाम आहे, रस्ताभर माणसं आहेत. पोरगी परवाच्या पेपरला तेरवा पोहोचेल."

अप्पांनी पत्र उलटं-सुलटं पाहिलं, मला विचारलं, "मोटर दहालाच का गं?" आणि सब्जावर खोगीर टाकून भर सकाळी धाराशिवच्या वाटेला लागले. वडिलांनी कपाळाला हात लावला. "झालं. आता हे उद्या येणार."

पण दिवस मावळताना अप्पा परत आले. सब्जा घामानं भिजलेला, अप्पांचा घंटेसारखा आवाज पार बसलेला. अव्वांनी विचारलं, "कुठं गेला होता?" ते घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाले, "धाराशिव. समद्यास्नी भेटून आलो. पन नीट बोलनं झालं न्हाय कुनाशीच. उजाडताना निघायचं, मॅट्रिक."

सकाळी ते मुश्कीवर आणि मी सूनबाईवर, पाठीला पुस्तकांचं गाठोडं. गावाबाहेरच्या विहिरीवर बायका पाणी भरत होत्या. आम्हाला पाहताच त्यांनी घागरी खाली ठेवल्या आणि एकदम आमच्याकडे पाठ केली. पुढं कुंभार माती तुडवत होता, त्यानंही पाठ केली. कडब्याची गंज रचणारे दोघे जण पलीकडे तोंड करून उभे राहिले. बाप सोबत नसताना, घोड्यावर बसून, परीक्षेला निघालेल्या मुलीचं तोंड बघायचं नाही असं साऱ्या मुलखानं ठरवलं की काय! माझे डोळे भरून आले. सूनबाई प्रत्येक पाठीशी जरा अडखळे, कान टवकारी, गूळ नाही, तोंड नाही, आणि पुढं चालू लागे.

"अप्पा, ही सगळी माझ्यावर रागावलीत का?"

अप्पांची नजर सरळ समोर. "रागावत्यात कशाला? म्याच सांगितलंय. उद्या मला तोंड दाखवू नगा म्हनून."

"मग घरात बसा म्हणून सांगायचं ना!"

"हंगामाचं दिस हायत. कामं टाकून घरात बसा कसं म्हनू? पाठ तेवढी करा म्हनलं."

निम्म्या वाटेवर मात्र एक बांगड्या विकणारा परगावचा माणूस समोरून आला. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यानं आमच्याकडे बघून तोंडभर हसून हात वर केला, आणि दोन्ही घोडी जागच्या जागी उभी. अप्पांनी टाच मारली नाही. ते त्यांना जमणारच नव्हतं. "रामराम," ते म्हणाले. तो गडी बोलका निघाला. "कुठल्या गावचं पाव्हणं? घोडी लई देखणी..." तेवढ्यात शेजारच्या पडीक रानातून, आमच्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या धनगरानं न वळताच आरोळी ठोकली, "ए बांगडीवाल्या! फिर की मागं! पोरीची मोटर जाईल न्हवं!" तो बिचारा दचकून गर्रकन फिरला. अप्पांनी घोड्यांच्या तोंडात गुळाचा खडा दिला आणि त्याच्या पाठीला विचारलं, "येऊ का?" पाठ म्हणाली, "या की." आणि आम्ही निघालो.

धाराशिवच्या अलीकडे एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती. पाठमोरीच. आम्ही जवळून गेलो तेव्हा तिनं न वळता खांद्यावरून हात मागं केला, बोटं पसरून, आशीर्वाद दिल्यासारखा. मी अप्पांकडे पाहिलं. त्यांच्या विभूतीवरून घाम वाहत होता आणि ओठ हलत होते. प्रत्येक पाठीला ते मनातल्या मनात रामराम घालत होते.

मोटारीची भट्टी अजून नीट पेटलीही नव्हती. ड्रायव्हर पंखा टाकून बघतच राहिला. "अप्पा? आज? आत्ता?" आयुष्यात पहिल्यांदा ते कुठंतरी वेळेआधी पोहोचले होते. मी पास झाले, वैशाखातलं लग्न टळलं, हे तुम्हाला माहीत आहे, नाहीतर हे लिहायला मी कुठली असते. पण अप्पांना त्या खेपेला बेंबळीला परत यायला तीन दिवस लागले, हे माहीत नसेल. राहिलेलं सगळं बोलणं त्यांनी परतताना पुरं केलं. बांगडीवाल्यालासुद्धा ते शोधत फिरले म्हणे.

पुढं मी शिकायला कायमची निघाले तेव्हा गावातल्या बैलांना काही झालेलं नव्हतं. गाडीत बसून मी आईला, वडिलांना, अव्वांना हात केला. अप्पा खळ्याच्या कडेला सूनबाईचा दोर धरून उभे होते, माझ्याकडे पाठ करून. मी हाका मारल्या. ते वळले नाहीत. त्यांची पाठ हलत होती. सूनबाई मात्र माझ्याकडे बघत होती. नंतर निजामाचं राज्य बुडालं ते दंगलींचं वर्ष आलं, घोडी गेली, अप्पाही गेले. आता त्या वाटेवर डांबर आहे आणि कुणी कुणासाठी थांबत नाही.

मागच्या खेपेला तुम्ही नातवंडं विमानानं परत गेलात तेव्हा धाकटीनं पोहोचल्यावर फोनवर रुसून विचारलं, "आजी, विमानतळावर सगळ्यांच्या आज्या काचेतून हात करत होत्या, तू एकटीच पाठ फिरवून का उभी होतीस?" बाळा, मी तोंड दाखवलं असतं तर तुझा पाय निघाला नसता. राहिलेलं बोलणं आपण परतताना करू.