कुंकू लावलेली कानस

गिटार ऐकताना मान डोलावता ना? मग त्या गिटारीच्या गळ्यावर ज्या धातूच्या बारीक पट्ट्या असतात, ज्यांना फ्रेट म्हणतात, त्या झिजल्यावर उपटून नव्या कोण बसवतं, हे कधी विचारलंत का?

अकोटचा देवमन बसवायचा. त्याला स्वतःला वाजवता येत नव्हतं. अकोल्यात खुशालरावांच्या वाद्यांच्या दुकानात तो दुरुस्तीला होता. या कामाची विलायती हत्यारं मागवा म्हटलं की खुशालराव म्हणायचे, "कायले लागते बे? हात आहेत ना तुले?"

मग दुकानामागच्या ओट्यावर, जेवणाच्या सुट्टीत, देवमनने आपली हत्यारं आपणच घडवली. सुताराच्या खिळे उपटायच्या जंबुराचं तोंड घासून सपाट केलं, म्हणजे तो फ्रेटखाली शिरतो आणि लाकडाची कपची उडत नाही. तिकोनी कानशीच्या कडा आरशासारख्या गुळगुळीत केल्या, म्हणजे ती धातू खाते, लाकडाला शिवत नाही. कापसाच्या जिनिंगमधून मोडीत निघालेली पोलादी सुरी आणली, काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर रगडून सरळ केली. गिटारीचा गळा वाकला की वर टेकवलेली ती सुरी खालच्या फटीतून सांगायची. रोज सगळ्यांवरून तेलाचा हात फिरवल्याशिवाय तो अकोटच्या एसटीत बसायचा नाही. बायको इंदूबाई म्हणायची, "पोरीच्या केसाले कधी लावलं का एवढं तेल?"

दसऱ्याला देवमन दरवर्षीसारखा नागपूरला दीक्षाभूमीवर गेला. इकडे खुशालरावांनी दुकानात शस्त्रपूजा मांडली. देवमनचा हत्यारांचा डबा उघडला, तेल पुसून काढलं, ओलं हळदकुंकू थापलं, पाणी शिंपडलं, वर झेंडू. शटर बंद.

तो परतला तेव्हा कानशीच्या दातांत कुंकू वाळून दगड झालं होतं. सुरीवर गंजाचे फोड आले होते. त्याने वाटीत थिनर ओतला आणि ब्रश घेतला.

"काय करून राहिला बे?" खुशालराव मागे उभे.

"गंज काढून राहिलो, भाऊ."

"मी लक्ष्मी पुजली तिथं, अन् तू थिनरनं धुतो?"

"लोखंडाले तेल लागते, भाऊ. मले विचारलं असतं तर..."

"तुले विचारू? माह्या दुकानात पूजा कराले तुले विचारू?"

काउंटरवरून खुशालरावांचा पोरगा अमोल हसला. "जाऊ द्या ना बाबा. मान देल्ला आपण. या लोकायले मान पचत नाही."

देवमनने ब्रश खाली ठेवला. "काम सोडतो मी. पगाराचा हिशोब नाही केला तरी चालते. माहा डबा घेऊन जातो."

"डबा ठेव! पुजलेलं हत्यार बाहेर जात नाही."

"माह्या हातचं आहे ते."

"माह्या ओट्यावर घासलं ना?"

देवमन पोलीस चौकीत गेला. तिथल्या शिपायाने विचारलं, "बिल आहे काय?" स्वतः घडवलेल्या वस्तूचं बिल! चौकीतले सगळे हसले. एकाने चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आता तो अकोटात खिडक्यांच्या जाळ्या वेल्डिंग करतो. नवी कानस घासायला घेतली होती, पण सुरी कुठून आणणार? जिनिंगची मोड आता सरळ ठेकेदार उचलतो. डबा खुशालरावांच्या काउंटरमागे काचेच्या पेटीत आहे. सणासुदीला ताजं कुंकू लागतं, खालून गंज चढतो. अमोल गिऱ्हाइकांना सांगतो, "खानदानी काम आहे आपल्या घरचं." जंबुराने मात्र तो खोक्यांचे खिळे उपटतो. जंबुराच्या तोंडाचा एक कोपरा तुटलासुद्धा.

अकोल्यात वाद्यांच्या एखाद्या दुकानात अशी पेटी दिसली, तर गपगुमान गिटार घेऊन निघू नका. दुकान गिऱ्हाइकांनी भरू द्या. मग तो तुटका जंबूर अमोलच्या हातात द्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा: घरचं काम आहे ना? मग एक फ्रेट उपटून दाखव.